बगलेतला एकच सिलिंडर : साइडमाउंट हार्नेसचा दोन हंगामांचा अनुभव

कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी मला पोहण्याची पूर्ण मोकळीक दिली, पण भरलेला सिलिंडर पाठीवर घेऊन हलत्या होडीत उभे राहायचे नाही, असे स्पष्ट बजावले. स्कूबासाठी आपल्याकडे सर्रास मिळणारा ११ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर हवा भरल्यावर व्हॉल्व्हसकट १७-१८ किलो भरतो. तरंगण्यासाठी हवा भरायचे जॅकेट आणि शिशाची वजने धरली, तर काठावरून किंवा होडीतून पाण्यात उतरेपर्यंत २० किलोंहून अधिक ओझे अंगावर असते. पाण्याखाली हे ओझे जाणवत नाही, पण पाण्यापर्यंतची पाच मिनिटे आणि परतताना शिडीच्या चार पायऱ्या हाच माझा खरा प्रश्न होता. त्यावर उपाय म्हणून मी साइडमाउंट हार्नेस घेतला आणि गेल्या दोन हंगामांत मालवण, कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, येथे मिळून त्यावर ४६ बुड्या मारल्या. या सर्व बुड्या मी एकाच सिलिंडरवर केल्या आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

हार्नेस कोणत्या कंपनीचा आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही. याच घडणीचे तीन-चार हार्नेस बाजारात आहेत, आणि माझी जी तक्रार आहे ती या संपूर्ण घडणीला थोड्याफार फरकाने लागू पडते.

ज्यांनी साइडमाउंट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या पद्धतीत सिलिंडर पाठीवर न बांधता शरीराच्या कडेला, काखेपासून मांडीपर्यंत समांतर धरला जातो. पाठीवर फक्त पट्ट्यांचा हार्नेस आणि हवेची चपटी पिशवी, म्हणजे विंग, एवढेच असते. सिलिंडरची मान काखेजवळ रबरी दोरीने, म्हणजे बंजीने, ओढून धरलेली असते आणि बुडाकडचा भाग कमरेच्या मागच्या कडीला बोल्ट स्नॅपने, म्हणजे खटक्याच्या हूकने, अडकवलेला असतो. रूढ पद्धत दोन सिलिंडरांची आहे, दोन्ही बाजूंना एकेक. परंतु मणक्याच्या दुखण्यासाठी साइडमाउंटकडे वळलेल्या माणसाने दोन सिलिंडर वाहून न्यायचे, यात काही अर्थ नाही. शिवाय १८ मीटरच्या आतल्या पाऊण तासाच्या बुडीला एक सिलिंडर पुरून उरतो, आणि मी जिथे जिथे गेले तिथे एका बुडीच्या शुल्कात एकच सिलिंडर मिळाला.

या पद्धतीचा जन्म पाहिला, तर हार्नेसच्या आजच्या घडणीचे कारण कळते. १९६०च्या दशकात इंग्लंडमधील गुहा पालथ्या घालणारी माणसे पाण्याने भरलेले आखूड बोगदे ओलांडण्यासाठी सिलिंडर कमरेच्या पट्ट्याला बाजूने बांधत असत, कारण त्यांना बहुतेक अंतर कोरड्या गुहेतून सरपटत जायचे असे आणि पाठीवर सिलिंडर घेऊन त्या फटींतून जाणे अशक्य होते. पुढे फ्लोरिडातील गुहांमध्ये, जिथे पोहण्याचे अंतर मोठे होते, सिलिंडर वर सरकून काखेशी आला, त्याला तरंगण्याच्या पिशवीची जोड मिळाली, आणि १९९०च्या दशकात तयार हार्नेस विकत मिळू लागले. म्हणजे आज खोक्यात जे मिळते ते गुहेत दोन सिलिंडर घेऊन जाणाऱ्यासाठी आखलेले असते. उघड्या समुद्रात एका सिलिंडरवर बुडी मारणारी व्यक्ती आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती, आणि हे पहिल्याच दिवशी ध्यानात येते.

खोके उघडले तेव्हा मात्र मन प्रसन्न झाले होते. पट्टे ५० मिलिमीटर रुंदीचे, दाट विणीचे, दोन हंगामांनंतरही कडा उसवलेल्या नाहीत. खांद्यावरचे दोन्ही पट्टे पाठीच्या मधोमध एका लहान पट्टीवर येऊन मिळतात, तिथून एक पट्टा माकडहाडाजवळच्या दुसऱ्या पट्टीपर्यंत जातो आणि पुढे दोन पायांमधून येऊन कमरेच्या बकलात अडकतो. ही मापे प्रत्येकाने आपल्या अंगावर बसवून घ्यायची असतात. मला त्यासाठी दोन संध्याकाळी आणि एक मदतनीस लागला. खांद्याचे पट्टे सुरुवातीला सैल ठेवण्याची चूक मी केली, त्यामुळे विंगमध्ये हवा भरली की सगळा हार्नेस पाठीवरून चार बोटे वर उचलला जाई. पायांमधला पट्टा दोन इंच आवळल्यावर तो जागेवर बसला. विंगची उचल क्षमता साधारण १५ किलोची आहे, ती ३ मिलिमीटरच्या वेटसूटमध्ये एका सिलिंडरवर उतरणाऱ्याला गरजेपेक्षा जास्तच आहे. विंग अंगासरशी चपटी धरणाऱ्या रबरी दोऱ्या मी एकेक गाठ मारून आखूड केल्या. पिशवी जितकी सैल तितकी तिच्यातली हवा इकडून तिकडे पळते, आणि एका सिलिंडरच्या बाबतीत ही पळापळ फार त्रासदायक ठरते. त्याकडे पुढे येतेच.

पहिला निर्णय बाजूचा. सिलिंडर डावीकडे घ्यायचा की उजवीकडे? मला साइडमाउंटचे रीतसर शिक्षण हॅवलॉकला मिळाले, तेथील प्रशिक्षकांनी दोन्ही बाजू करून पाहायला लावल्या. डाव्या बाजूच्या बाजूने मोठा मुद्दा असा, की विंगचा इन्फ्लेटर, म्हणजे तिच्यात हवा भरण्या-सोडण्याची कळ, डाव्या छातीवर येतो, त्यामुळे त्याला हवा देणारी नळी आखूड पुरते आणि खोक्यातली नळी त्याच हिशेबाने दिलेली असते. उजव्या बाजूच्या बाजूने मुद्दा व्हॉल्व्हचा आहे. दुकानातला सर्वसाधारण सिलिंडर पाठीवर लावण्यासाठी बनलेला असतो, त्याच्या व्हॉल्व्हचे तोंड माणसाच्या डोक्याकडे असते आणि चक्री उजवीकडे. तोच सिलिंडर तसाच्या तसा उजव्या काखेत आणला, तर चक्री बाहेरच्या बाजूला राहते, हात सहज पोहोचतो आणि फर्स्ट स्टेज, म्हणजे श्वासाच्या रेग्युलेटरचा व्हॉल्व्हला जोडला जाणारा भाग, छातीच्या बाजूला, डोळ्यांसमोर येते. डावीकडे नेला, तर चक्री बाहेर ठेवायची म्हटल्यास फर्स्ट स्टेज पाठीकडे वळते, आणि फर्स्ट स्टेज पुढे घ्यायची म्हटल्यास चक्री बरगडीत रुतते. साइडमाउंटसाठी डाव्या घडणीचे व्हॉल्व्ह मिळतात, पण भाड्याच्या सिलिंडरला ते कुठून असणार? ज्यांचा सिलिंडर स्वतःचा आहे त्यांनी खुशाल डावी बाजू घ्यावी. मी उजवी बाजू घेतली आणि इन्फ्लेटरची नळी बदलली.

नळ्यांचा हा विषय सगळ्यांत जास्त वेळ आणि पैसा खाणारा आहे. पाठीवरच्या सिलिंडरसाठीचा रेग्युलेटर जसाच्या तसा काखेत आणला, तर प्रत्येक नळीचे वेटोळे कोपरापाशी बाहेर येते आणि पाण्यातून जाताना अंगावर फांद्या फुटल्यासारखे दिसते. प्रवाळाला घासणारी, जाळ्याच्या तुकड्यात अडकणारी ती पहिली गोष्ट. माझी आताची मांडणी अशी आहे. सेकंड स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा तोंडात धरून श्वास घेण्याचा भाग, १०० सेंटिमीटरच्या नळीवर, जी काखेखालून येते आणि तोंडापाशी काटकोनी फिरता जोड घेते, त्यामुळे जबड्यावर ओढ पडत नाही. राखीव सेकंड स्टेज ६० सेंटिमीटरच्या नळीवर, हनुवटीखाली गळ्यात रबरी दोरीने अडकवलेली. इन्फ्लेटरची नळीही ६० सेंटिमीटरची, छातीवरून आडवी. खोक्यात २० सेंटिमीटरच्या आसपासची आली होती, ती माझ्या छातीच्या मध्यापर्यंतही पोहोचली नाही. प्रेशर गेज १५ सेंटिमीटरच्या नळीवर, तोंड वर करून, म्हणजे मान किंचित झुकवली की काटा दिसतो. पाठीवरच्या मांडणीत गेज चाचपून हातात घ्यावा लागे, येथे नुसती नजर टाकली तरी पुरते, आणि त्यामुळे मी हवा पूर्वीपेक्षा दुप्पट वेळा तपासते, ही एक मोठीच सुधारणा आहे.

फर्स्ट स्टेज कोणती घ्यावी याचा विचार नळ्यांच्या आधी करावा. जिच्या कमी दाबाच्या नळ्यांचा भाग गोल फिरतो आणि जिच्या टोकाला पाचवे छिद्र असते, अशी फर्स्ट स्टेज या कामाला योग्य, कारण मग तिन्ही नळ्या एकाच दिशेने, अंगाच्या बाजूने काढता येतात. जोड डिन पद्धतीचा, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी आत बसणारा, असावा. योक पद्धतीचा शिकंजा काखेत टोचतो आणि बंजी त्याच्या दांड्यावर चढून बसते. भाड्याच्या पुष्कळ सिलिंडरांना असा व्हॉल्व्ह असतो की त्यातला आतला गोल तुकडा अ‍ॅलन कीने काढला की डिन जोड बसतो. ती किल्ली मी नेहमी जवळ ठेवते, मात्र ती फिरवण्याआधी दुकानदाराची परवानगी घेते आणि बुडीनंतर तुकडा स्वतः परत बसवून देते. मालवणात एकदा मला फक्त योकचेच सिलिंडर मिळाले. तेव्हा जोडतुकडा लावून काम भागवले, पण रेग्युलेटर तेवढाच पुढे आला आणि सबंध बुडीभर हनुवटीला त्याची जाणीव होत राहिली.

आता बंजीविषयी, कारण माझा एक प्रसंग तिच्याशी निगडित आहे. हार्नेससोबत आलेली बंजी चांगली जाड होती, हाताला दणकट लागे. पण ती व्हॉल्व्हच्या मानेवर चढवताना इतका जोर लावावा लागे, की हलत्या होडीच्या कडेला एका हाताने ते काम होत नसे. अकराव्या बुडीत, नेत्राणीच्या ईशान्येकडच्या उतारावर १४ मीटर खोलीवर असताना, काखेत काहीतरी सुटल्याचा झटका बसला आणि सिलिंडरची मान खाली कलंडली. बंजी गाठीपाशी तुटली होती. बुडाचा स्नॅप शाबूत होता, रेग्युलेटर तोंडात होता, त्यामुळे संकट असे काही ओढवले नाही. उजव्या हाताने व्हॉल्व्ह छातीशी धरून, जोडीदाराला खूण करून मी सावकाश वर आले. वर आल्यावर पाहिले, तर बाहेरचे विणलेले आवरण ठीक दिसत होते आणि आतले रबर मात्र गाठीच्या वळणात चिरले होते. तेव्हापासून मी ६ मिलिमीटरची बंजी दुहेरी फेऱ्याने वापरते, दर हंगामाच्या आरंभी ती बदलते, आणि व्हॉल्व्हच्या मानेला एक छोटी सुरक्षादोरी व स्नॅप लावून तो छातीच्या उजव्या डी-रिंगला, म्हणजे डी आकाराच्या कडीला, अडकवते. वरची बंजी सिलिंडर अंगासरशी ओढण्यासाठी आणि दोरी तो हरवू नये यासाठी, अशी दोन कामे दोन वस्तूंकडे द्यावीत. दोन सिलिंडरांच्या मांडणीतही बरेच जण हे करतात, पण जिथे श्वासाचा साठाच एक आहे, तिथे ते करायलाच हवे असे माझे मत आहे.

बुडाकडच्या जोडणीसाठी हार्नेससोबत स्टीलची जुबिली क्लिप मिळाली होती. ती पाना लावून आवळायची, म्हणजे एकाच सिलिंडरवर कायमची बसवायची. भाड्याच्या सिलिंडरांवर हे अव्यवहार्य आहे, आणि मालवणच्या एका आठवड्यात तिच्या स्क्रूवर गंज धरला तो वेगळाच. मी त्याऐवजी कॅम बँड, म्हणजे बकलाने आवळायचा पट्टा, वापरते. तो अर्ध्या मिनिटात चढतो. तो किती उंचीवर बांधायचा हे शरीरावर ठरते: सिलिंडर उभा धरून व्हॉल्व्ह काखेशी आणावा आणि पट्टा कमरेच्या हाडाच्या किंचित खाली येईल असा बांधावा. पट्ट्यापासून स्नॅपपर्यंतची दोरी जितकी आखूड तितके बूड कमी लोंबते. आणि ती दोरीच असावी. कडीला कडी थेट जोडून धातूला धातू अडकवू नये, कारण स्नॅप गंजून अडकला, तर दोरी सुरीने कापता येते, स्टील कापता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरचा एक स्वभाव आहे, तो समजल्याशिवाय ही मांडणी कधीच नीट बसत नाही. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला साधारण २,२०० लिटर हवा असते आणि तिचे वजन अडीच किलोच्या वर जाते. भरलेला सिलिंडर पाण्यात पाऊण किलोच्या आसपास जड असतो, पूर्ण रिकामा झाला की पावणेदोन ते दोन किलो हलका, म्हणजे तरंगू लागतो. हवा जसजशी कमी होते तसतसे बूड वर उचलले जाते आणि निम्म्या बुडीनंतर सिलिंडर मांडीला समांतर न राहता शेपटीसारखा वर डोकावतो. त्यावर उपाय हार्नेसमध्येच आहे: कमरेच्या पट्ट्यावर दोन डी-रिंग ठेवायच्या, एक मागे आणि एक पुढे. बुडी सुरू करताना स्नॅप मागच्या कडीत, गेज १०० बारवर आला की पुढच्या कडीत. पहिल्या दहा बुड्यांत मला या एका हालचालीसाठी थांबून, खाली पाहून, दोन-दोन मिनिटे धडपडावे लागे. आता अंगठ्याला कडीची जागा पाठ झाली आहे.

यापेक्षा अवघड प्रश्न आडव्या तोलाचा. एका बाजूला सिलिंडर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, तर शरीर त्या बाजूला कलंडणार, हे उघड आहे. ‘मग दुसऱ्या बाजूला दोन किलो शिसे लावा,’ असा सल्ला मला अनेकांनी दिला आणि मी तो पाळला. बुडीच्या सुरुवातीला सगळे झकास. ७० बारच्या सुमारास मात्र मी डावीकडे अशी वळू लागले, की उजवा पाय सतत मारत राहावा लागे, आणि वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्यात मला स्थिर राहताच येईना. कारण शोधायला मी घरी कागदावर हिशेब मांडला. सुरुवातीला सिलिंडर पाऊण किलो जड आणि रेग्युलेटर, नळ्या, गेज मिळून साधारण आणखी किलोभर, म्हणजे उजवीकडे पावणेदोन किलो. १५० बार हवा संपली की सुमारे दोन किलो वजन निघून जाते, म्हणजे शेवटी उजवी बाजू पाव किलोने हलकीच. त्यावर डावीकडे दोन किलो शिसे! स्टीलच्या सिलिंडरला तो सल्ला बरोबर असेल, कारण तो शेवटपर्यंत जडच राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत बुडीच्या मध्यावर तोल बरोबर येईल, एवढेच वजन लावायचे असते. मी डावीकडे अर्धा किलो ठेवला आणि उरलेले अडीच किलो पाठीच्या कण्यावरच्या मधल्या खिशात घातले. आता आरंभी किंचित उजवीकडे, शेवटी किंचित डावीकडे कल येतो, तो कमरेच्या हलक्या हालचालीने सावरता येतो.

विंगमधली हवा येथे अडचण वाढवते. अंग जरा कलले की हवा वर असलेल्या बाजूला धावते, ती बाजू आणखी उचलली जाते आणि कल दुप्पट होतो. म्हणून पिशवी चपटी ठेवायची आणि मुळात तिच्यात कमीत कमी हवा भरावी लागेल, इतकेच एकूण वजन घ्यायचे. जॅकेटवर मी चार किलो घेत असे, येथे तीन पुरले, कारण जॅकेटचे गादीसारखे अस्तर तरंगते आणि या हार्नेसला ते नाही.

पाण्याबाहेरच्या सोयीविषयी मला या वस्तूचे मनापासून कौतुक आहे. हार्नेस अंगावर चढवून मी होडीत मोकळी बसते, मागे उलटी गिरकी घेऊन पाण्यात पडते, विंगमध्ये हवा भरते, आणि सिलिंडर वरून दोरीला बांधून माझ्याकडे सोडला जातो. आधी बुडाचा स्नॅप, मग छातीचा, मग बंजी, मग इन्फ्लेटरची नळी. परतताना उलट क्रम. शिडी चढताना पाठीवर काहीच नसते. दोन हंगामांत पाठ दुखली म्हणून एकही बुडी सोडावी लागलेली नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. मात्र होडीवरच्या माणसांना आधी समजावून सांगावे लागते. मालवणात सिलिंडर वर घेणाऱ्या मुलाने विचारले, “ताई, सिलिंडर पाठीर सोडून बाजूक कित्याक बांधलात?” मी कारण सांगितले, त्याने लक्ष देऊन ऐकले, आणि तरीही पहिल्या वेळी सवयीने नळीला धरूनच सिलिंडर ओढला. दुसऱ्या वेळेपासून तो व्हॉल्व्हच्या मानेला धरू लागला. पाण्याला ओढ असेल तर पाण्यात सिलिंडर जोडणे जमत नाही. अशा दिवशी मी होडीच्या कठड्यावर बसूनच तो लावते आणि मदतनिसाला त्याचे बूड धरून ठेवायला सांगते.

जोडीदाराला समजावणे त्याहून महत्त्वाचे. आपल्याकडे बहुतेकांना शिकवलेले असते, की हवा संपली तर जोडीदाराच्या छातीवरचा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे राखीव सेकंड स्टेज, घ्यायचा. माझ्या छातीवर तो नाही. मी माझ्या तोंडातली सेकंड स्टेज काढून देणार आणि स्वतः गळ्यातली घेणार. हे नुसते सांगून भागत नाही. मी प्रत्येक नव्या जोडीदारासोबत होडीत एकदा आणि तीन मीटरवर एकदा प्रत्यक्ष करून पाहते. एका मार्गदर्शकाने ‘त्याची गरज नाही’ म्हणून टाळले होते. त्या दिवशी मी बुडी मारली नाही.

साइडमाउंट अधिक सुरक्षित असते, असे विक्रेते सांगतात. दोन सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर असतील, तर एक बिघडला तरी दुसरा हाताशी राहतो, म्हणून ते विधान दोन सिलिंडरांबाबत खरे आहे. एका सिलिंडरबाबत ते खरे नाही. फर्स्ट स्टेज एक, साठा एक. ती बिघडली की पाठीवरच्या सिलिंडरइतकेच जोडीदारावर अवलंबून राहावे लागते. एक फायदा मात्र निश्चित आहे: व्हॉल्व्ह दिसतो आणि हातात येतो. सेकंड स्टेजमधून हवा अखंड वाहू लागली, तर चक्री बंद करून श्वास घेण्यापुरती उघडायची आणि पुन्हा बंद करायची, असे करत वर येता येते. मी हे प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली सहा मीटरवर केले आहे. दर श्वासाला चक्री फिरवताना पहिल्या मिनिटात मनगट भरून येते, पण हवा वाचते. पाठीवरच्या सिलिंडरवर हे मला कधीच जमले नसते.

साठा एकच असल्यामुळे परतीचा आकडा अंदाजाने ठरवू नये. १८ मीटरवर दाब २.८ बार. घाबरलेली दोन माणसे मिनिटाला प्रत्येकी ३० लिटर हवा घेतात असे धरले, तर खाली सावरण्याच्या एका मिनिटाला १६८ लिटर, मिनिटाला नऊ मीटर वेगाने वर येण्याच्या दोन मिनिटांना २२८ लिटर आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याला २७० लिटर. एकूण ६६६ लिटर, म्हणजे ११.१ लिटरच्या सिलिंडरमध्ये नेमके ६० बार. ‘५० बारला वर या’ हा सर्वत्र ऐकू येणारा नियम या हिशेबात अपुरा पडतो. मी ७० बारला वर येण्यास सुरुवात करते.

खर्चाबद्दल एवढेच, की हार्नेस आणि विंगला मी जे मोजले, त्याच्या जवळजवळ निम्मी रक्कम पुढे नळ्या, काटकोनी जोड, स्नॅप, कॅम बँड आणि नव्या बंजीवर गेली. विक्रेत्याने एका सिलिंडरसाठी वेगळा संच ठेवला असता, तर यातले पुष्कळसे वाचले असते. ज्यांचे गुडघे किंवा पाठ दुखते, ज्यांना लहान होडीतून उतरावे लागते, आणि जे वर्षाला निदान २०-२५ बुड्या मारतात, त्यांनी हा हार्नेस जरूर घ्यावा, पण साइडमाउंट शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे चार-पाच दिवस काढण्याची तयारी ठेवून. वर्षातून एकदा सुट्टीत बुडी मारणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. प्रत्येक वेळी तोल आणि हातांची सवय नव्याने बसवण्यातच त्याची सुट्टी जाईल.

नेत्राणीच्या खोल जागा मला अजून पाहायच्या आहेत. त्यासाठी डाव्या काखेत स्वतंत्र रेग्युलेटर लावलेला ३ लिटरचा छोटा सिलिंडर घेण्याचे ठरवले आहे. त्याने दुसरा साठाही मिळेल आणि डावीकडचा तो अर्धा किलो शिसेही काढता येईल. ऑक्टोबरात समुद्र उघडला की आधी मालवणच्या उथळ पाण्यात तो तोल तपासायचा आहे. तो बसेपर्यंत मी १८ मीटरच्या खाली जात नाही.